हात बसण्यापूर्वी हार नको!

कोजागिरीच्या रात्रीची गोष्ट. आमच्या सोलापुरात एका वकीलसाहेबांच्या गच्चीवर दरवर्षी बैठक असते. आटीव दूध असते, गाणे असते, आणि गाणे संपले की वाद असतो. या वर्षी वादाला निमित्त झालो मी. पेटीची साथ करणाऱ्या गृहस्थांनी त्या रात्री बहार केली होती. गायकाच्या तानेमागे सावलीसारखे जात होते. कुठे घाई नाही, कुठे धक्का नाही. मी भरात येऊन बोलून गेलो, "काय हात चालला हो आज! एस्टीचा एखादा जुना ड्रायव्हर रात्रीच्या वेळी भरलेली गाडी घाटातून काढतो ना, अगदी तसा!"

झाले! वकीलसाहेबांनी दुधाचा पेला खाली ठेवला. "मास्तर," ते म्हणाले, "कुठे सरस्वती आणि कुठे तो गिअर! एक विद्या, दुसरी हमाली. तुम्ही कादंबऱ्या लिहिता म्हणून काय वाटेल ते जोडाल काय?"

सारी गच्ची हसली. पेटीवालेही हसले. मीही हसलो, कारण यजमानांचे दूध पोटात गेले होते. पण घरी आल्यावर झोप येईना. ज्याला वेळेवर उत्तर सुचत नाही, तो पुढे लेख लिहितो. आणि दिवाळी अंकाचे संपादक दयाळू असतात. तेव्हा वाचकहो, फराळाचे ताट जरा बाजूला सारून माझे एवढे गाऱ्हाणे ऐका. गाऱ्हाणे वकीलसाहेबांविरुद्ध दिसले तरी ते तुमच्याआमच्या सगळ्यांविरुद्धच आहे.

प्रथम माझा अधिकार सांगतो. तो थोडा आहे. जुन्या भाषेत सांगायचे तर मी मॅट्रिक. शाळेत मुलांना मराठी शिकवितो, सवडीने कादंबऱ्या लिहितो. लहानपणी गल्लीतल्या मारुतीच्या देवळात भजनाला साथ करणाऱ्या एका बुवांकडे मी पेटी शिकलो. एक वर्ष बुवांनी मला नुसते अलंकार घोटायला लावले. "बुवा, एखादे पद सांगा ना," म्हटले की ते म्हणत, "बाळ, बोट अजून तुझ्या डोळ्याला विचारतंय. ते विचारायचं थांबलं की पद." चाळिशी गाठल्यावर मी मोटार शिकलो. तेव्हा दोन्ही विद्यांचे पाणी मी चाखले आहे. एकीचे गोड आणि दुसरीचे, पुढे सांगणार आहे तसे, फार कडू.

आता वकीलसाहेबांचा मुद्दा घेऊ. मोटार हे यंत्र आणि वाद्य म्हणजे देवाची देणगी, असे त्यांचे म्हणणे. पण त्या रात्री ज्या पेटीवर ते माना डोलवीत होते, ती तरी काय आहे? एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये जन्मलेले एक यंत्रच की! भाता, पत्त्या, स्प्रिंगा आणि लाकडी पट्ट्या. आपल्याकडे आल्यावरही तिला कित्येक दशके विलायती म्हणून हिणविले गेले. १९४० साली रेडिओने तिला दाराबाहेर काढले, आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. मधल्या काळात पेटी बदलली नाही. तिच्यावर बसणाऱ्या बोटांनी तिची अब्रू मिळविली. यंत्राला प्रतिष्ठा नसते, साहेब. प्रतिष्ठा हाताला असते.

बरे, जो तंबोरा तुम्ही साक्षात शारदेचा मानता, तो तरी आकाशातून पडतो काय? मिरजेच्या ज्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांचा भोपळा आमच्या जिल्ह्यात, पंढरपुराकडच्या शेतात पिकतो. तो वाळवायचा, कापायचा, त्याला दांडी जोडायची, तारा चढवायच्या, आणि मग तारेखाली दोरा सरकवून जवारी काढायची. हे सारे हाताचेच काम आहे. त्या कारागिराला तुम्ही हमाल म्हणणार काय?

जुन्या संगीत नाटकांतला ऑर्गन आठवा. वादक दोन्ही पायांनी भाता चालवी, दोन्ही हात पट्ट्यांवर, कान गायकाच्या सुरावर आणि डोळा रंगमंचावर. पायांचे काम पायांनी करायचे, हातांचे हातांनी, आणि दोघांनी एकमेकांच्या कामात लुडबुड करायची नाही. मोटारीत बसलेला मनुष्य याहून वेगळे काय करतो? डावा पाय क्लचवर, उजवा कधी ब्रेकवर तर कधी ॲक्सिलरेटरवर, एक हात चक्रावर, दुसरा गिअरवर, डोळा समोर आणि मधूनच आरशात. तबल्यात डावा आणि उजवा वेगळे बोलतात आणि मिळून एकच ठेका होतो. तीच ही गंमत.

आणि कान! जुन्या मालमोटारींच्या गिअरचे दाते आपोआप जुळत नसत. चालकाला डबल क्लच करावा लागे. क्लच दाबून गिअर मोकळा करायचा, पाय उचलायचा, इंजिनाला किंचित ओढ द्यायची, आणि त्याचा आवाज योग्य पट्टीला आला की पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. पट्टी चुकली की दाते खरखरलेच! सारी मालमोटार बेसूर ओरडे. ही पट्टी कोणत्या घड्याळात दिसत नसे. ती कानाने पकडावी लागे. तंबोरा लावणारा जसा खुंटी पिळता पिळता एका क्षणी थांबतो, तसाच तो ड्रायव्हर त्या एका क्षणाची वाट पाही. त्याला सुरांची नावे ठाऊक नव्हती, एवढाच फरक.

शास्त्रज्ञांचेही दोन दाखले देतो, म्हणजे शिकलेल्या मंडळींचे समाधान होईल. १९९५ साली तंतुवाद्य वाजविणाऱ्यांच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध झाली. डाव्या हाताची बोटे वर्षानुवर्षे तारांवर नाचविल्यामुळे त्या बोटांचा कारभार पाहणारा मेंदूचा भाग त्यांच्यात इतरांहून मोठा आढळला. पुढे २००० साली लंडनच्या टॅक्सीवाल्यांची तशीच पाहणी प्रसिद्ध झाली. या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी शहराच्या मध्यापासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात. त्याला वर्षे लागतात. त्यांच्या मेंदूतला वाटा लक्षात ठेवणारा भाग मागच्या बाजूला वाढलेला आढळला. म्हणजे वादक काय किंवा चालक काय, विद्या अंगी मुरली म्हणजे मेंदूवर तिचा ठसा उमटतोच. मेंदूला सरस्वती आणि हमाली हा भेद कळत नाही. त्याला फक्त रियाज कळतो.

आणि एवढ्यानेही कोणाचे समाधान होत नसेल, तर स्वरभास्कर पंडित भीमसेन जोशी यांना साक्षीला बोलावतो. ते गायक, वादक नव्हेत, हे खरे. पण तंबोरे लावण्यात त्यांचा कान किती काटेकोर होता हे सर्वांना ठाऊक आहे, आणि मोटारीचे त्यांचे वेडही तितकेच प्रसिद्ध होते. दूरदूरच्या मैफलींना ते स्वतः गाडी हाकत जात. २००८ साली ज्यांना भारतरत्न जाहीर झाले, त्यांना चक्र हाती धरण्यात कमीपणा वाटला नाही. कमीपणा वाटतो तो तुम्हाआम्हा मधल्या लोकांना!

तुम्ही म्हणाल, "मास्तर, मान्य! मोटार चालविणे ही विद्या आहे. मग एवढे चिडता कशाला?"

चिडतो याच्यासाठी, की ज्या गोष्टीला आपण विद्या मानीत नाही, ती आपण शिकत नाही. आणि ही एक गोष्ट न शिकल्याने माणसे मरतात.

आता माझी कडू गोष्ट सांगतो. चार वर्षांपूर्वी मी एका ठिकाणी मोटार शिकायला गेलो. नाव सांगत नाही. दोष त्यांच्याहून माझाच मोठा. पंधरा दिवस, रोज अर्धा तास. शिकविणाऱ्याच्या पायाखाली दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक होता. खरे म्हणजे पंधरा दिवस गाडी त्यानेच चालविली. मी नुसता चक्र धरून बसलो होतो. पुढे यथावकाश मैदानात एक फेरी मारली आणि परवाना हाती पडला. पाडव्याला एक जुनी, दुसऱ्याने वापरलेली गाडी घेतली. सौभाग्यवतींनी पाच वातींनी ओवाळले, पुढच्या जाळीला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबे ठेवली. मी गाडी पुढे घेतली, लिंबे फुटली, मुलांनी टाळ्या पिटल्या. लिंबे फुटली म्हणजे संकट टळले, अशी आमची सर्वांची समजूत.

नवव्या दिवशी संध्याकाळी अक्कलकोट रस्त्याने येत होतो. यंत्रमागांची पाळी सुटण्याची वेळ. सायकली, पायी माणसे, रिक्षा, सगळी एकदम रस्त्यावर. समोर एक सायकलवाला वळला. मला ब्रेक दाबायचा होता, आणि माझा पाय ॲक्सिलरेटरवर पडला.

पेटीवर बोट चुकून शेजारच्या पट्टीवर पडते, तसेच अगदी. फरक इतकाच, की तिथे बुवा "हं!" म्हणत, आणि इथे एक मनुष्य रस्त्यावर आडवा पडला.

देवाची कृपा म्हणून तो वाचला. उजवे मनगट मोडले. तो यंत्रमागावर काम करी, आणि त्याची मजुरी जितके कापड निघेल तितकी. मागावर धागा तुटला की बोटांनी चटकन सांधावा लागतो. मनगट प्लास्टरमध्ये असले की तो माग दुसऱ्याचा. दोन महिने त्या घरात कमाई आली नाही. दवाखान्याचे बिल मी दिले, घरखर्चाला जमेल तेवढे दिले, दर रविवारी जाऊन बसू लागलो. त्याची बायको चहा करी. तो चहा घशाखाली उतरत नसे.

एका रविवारी तो म्हणाला, "मास्तर, मागावर नवा पोरगा आला की आम्ही त्याला महिनोन् महिने नुसत्या कांड्या भरायला आन् तुटलेलं सूत सांधायला लावतो. लगेच माग देत नाही. तुम्हाला गाडी किती दिवस शिकवली?"

मी म्हणालो, "पंधरा."

तो काही बोलला नाही. प्लास्टरकडे बघत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

त्या रात्री मला बुवा आठवले. सा रे ग म वाजवायला एक वर्ष, आणि तेही चुकले तर कोणाचे काही बिघडत नाही म्हणून! ज्या विद्येत चूक झाली तर फार तर श्रोत्याचे कपाळ दुखेल, तिला आपण दहा वर्षे देतो. ज्या विद्येत चूक झाली तर कोणाचा तरी बाप घरी येत नाही, तिला पंधरा दिवस. याला शहाणपण म्हणावे काय?

माझ्यासारखे एकटेदुकटे असते तर लेख लिहिला नसता. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. दिवसाला सुमारे ४६०! एखाद्या साथीने इतकी माणसे नेली असती तर आपण दारे लावून बसलो असतो. पण हे मरण चाकांवरून येते, म्हणून आपण त्याला हार घालतो. सगळेच अपघात नवशिक्यांमुळे होतात असे मी म्हणत नाही. रस्ते वाईट आहेत, दिवे नाहीत, दारू आहे. पण वाईट रस्त्यावर कच्चा हात अधिकच घातक, हे समजायला विशारद व्हावे लागत नाही.

कायदा नाही म्हणावे, तर आहे. शिकाऊ परवाना काढल्यावर तीस दिवस जाईपर्यंत पक्का परवाना मिळत नाही. शिकणाऱ्याच्या शेजारी जाणता मनुष्य बसलेला हवा. अठरा वर्षांखालील मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण हे तीस दिवस आपण रियाजाचे समजत नाही. रेशनच्या रांगेतले समजतो. रांग संपली की धान्य मिळणारच!

मे २०२४ मध्ये पुण्यात एका अल्पवयीन मुलाच्या आलिशान मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. काही तासांतच त्याला जामीन मिळाला, आणि ज्या अटी घातल्या त्यांत एक अशी, की त्याने अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहावा. पुढे लोक खवळले, हुकूम बदलला, ते सर्व तुम्ही वाचलेच आहे. पण मी मराठीचा मास्तर. माझे आयुष्य निबंध तपासण्यात गेले. "मी मोटार झालो तर" या विषयावरचे शेकडो निबंध मी वाचले आहेत. त्या दिवशी शाळेत निबंधाची वही उघडताना माझा हात थरथरला. दोन जिवांची किंमत ३०० शब्द, तर एका जिवाला दीडशे! आमच्या आठवीच्या पेपरातसुद्धा याहून लांब निबंध लिहावा लागतो.

पण त्या मुलाकडे बोट दाखवून आपण सुटणार नाही. त्याच्या हाती किल्ली कोणी दिली? घरच्यांनी. आणि आपल्या घरी काय चालले आहे? मुलगा दहावीला चांगल्या गुणांनी आला की आधी दुचाकी. "किती हुशार हो! चार दिवसांत शिकला," असे आई शेजारणीला कौतुकाने सांगते. मुलगी चार दिवसांत भैरवी शिकली असे कोणी सांगितले, तर हीच आई हसेल. मुलाच्या तबल्याच्या क्लासला त्याने प्रारंभिक, मग प्रवेशिका, मग मध्यमा अशा पायऱ्यांनी चढावे हे आपल्याला पटते. गाडीला मात्र पायरी नाही, थेट गच्चीवर!

लयीचा एक साधा हिशेब घरातल्या मुलांना सांगा. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते. सेकंदाची एक मात्रा धरा. मोबाईलकडे दोन मात्रा पाहिले की तुम्ही तेहतीस मीटर डोळे मिटून गेलात. आणि दुसरे असे, की गाण्यात लय दुप्पट केली तर दुगुन होते आणि टाळ्या पडतात. रस्त्यावर वेग दुप्पट केला तर ब्रेक लावल्यापासून थांबण्याचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. हा निसर्गाचा नियम आहे; त्याच्यापुढे वशिला चालत नाही.

शेवटचा मुद्दा साथीचा. आपल्याकडे प्रत्येकाला वाटते की रस्ता ही आपली एकट्याची मैफल आहे. सोलापुरात सात रस्त्यावर सायंकाळी पाच मिनिटे उभे राहा. प्रत्येकजण हॉर्नवर अंगठा ठेवून आपलेच गाणे गात असतो. पेटीवाला गायकाच्या वर आवाज काढू लागला तर रसिक त्याला उठवतील. पण रस्त्यावर तीच दांडगाई म्हणजे हुशारी! अहो, रस्ता ही जुगलबंदी नव्हे. ती साथ आहे. म्हातारी रस्ता ओलांडते आहे, तेव्हा मुख्य गायिका ती; आपण ठेका धरून थांबायचे. आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. एवढा उंच, जड ध्वज एकजण तोलून धरतो. पुढे सनई, हलगी, भोवती लाखोंची गर्दी. त्याचा तोल जाऊ नये म्हणून आजूबाजूचे सावध असतात, आणि गर्दीला इजा होऊ नये म्हणून तो सावध असतो. हे आम्हाला संक्रांतीला जमते. मग बाकीचे दिवस का जमू नये?

वकीलसाहेब, तुमच्यासाठी शेवटचा पुरावा. खंडेनवमीला आपण काय करतो? गवई तंबोऱ्याला गंध लावतो, विणकर मागाला हार घालतो, ड्रायव्हर आपल्या गाडीपुढे नारळ फोडतो, आणि तुम्हीही आपल्या कायद्याच्या पुस्तकांवर फूल वाहता. एकच हळद, एकच कुंकू. तुमच्याआमच्या आजोबांना जे कळले होते, ते तुम्हाला कोजागिरीच्या चांदण्यात दिसले नाही! फक्त त्या पूजेत एक गोष्ट आपण विसरलो. तंबोऱ्याची पूजा करणारा दुसऱ्या दिवशी पहाटे उठून रियाजाला बसतो. आपण गाडीची पूजा करतो आणि दुसऱ्या दिवशी तिचा हप्ता भरतो.

पाडवा तोंडावर आला आहे. किती घरांत नवी गाडी येईल. येऊ दे, लक्ष्मी आहे ती. मी एवढेच मागतो, की यंदा हार आणि लिंबे यांच्याबरोबर घरातल्या नवशिक्याला रियाजाचा शब्द द्यायला लावा. सहा महिने शेजारी जाणता मनुष्य बसल्याशिवाय चक्राला हात लावायचा नाही. पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर आधी, गर्दीत मागाहून. रात्रीची बैठक सर्वांत शेवटी. आणि अठरा पुरी होईपर्यंत किल्ली आईच्या कपाटात. मुलगा रुसेल, रुसू दे. बुवांवर मी वर्षभर रुसलो होतो.

माझ्याविषयी विचाराल, तर त्या अपघातानंतर मी गाडी विकली नाही. एका निवृत्त एस्टी ड्रायव्हरांकडे जाऊन बसलो. म्हटले, "काका, मला पहिल्यापासून शिकवा." ते सात महिने शिकवीत होते. पहिला महिना त्यांनी मला बंद गाडीत बसवून, वर न पाहता, न चाचपता, ब्रेक कुठे आहे तेवढे पायाला सांगायला लावले. ते म्हणत, "पाय अजून तुमच्या डोक्याला विचारतोय, मास्तर. विचारायचं थांबला की रस्ता."

बुवांनी त्यांना कधी पाहिले नव्हते, आणि त्यांनी बुवांना.